मठात संतांचे अवशेष आले, आता काय करायचं?

नेरूळच्या एका लहान कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी विचारलं आहे. त्यांच्या कम्युनिटीत सहा जणी आहेत. महिन्यापूर्वी त्यांच्यातल्या सर्वांत वृद्ध सिस्टर वारल्या. कपाट आवरताना साड्यांच्या घडीखाली रुपयाएवढी धातूची डबी सापडली. पुढून काच, आत लाल रेशमावर तिळाएवढा हाडाचा कण, त्याखाली अगदी बारीक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी, आणि सोबत लॅटिनमधला एक घडी घातलेला कागद. अवशेष बाल येशूच्या संत तेरेजाचा. दोघींना वाटतं, डबी चॅपलमध्ये वेदीवर कायमची ठेवावी. एकीला हाडाला वंदन करणंच पटत नाही. सोसायटीतल्या शेजारणींना कळलं आहे आणि त्यांना दर्शनाला यायचं आहे. साक्रिस्तीची, म्हणजे चॅपलची पवित्र भांडी आणि वस्त्रं ठेवायच्या खोलीची, जबाबदारी या सिस्टरांकडे नुकतीच आली आहे आणि त्या विचारतात, आम्ही नेमकं करायचं काय?

सिस्टर, मी ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी असलेल्या एका बंदिस्त मठात एकतीस वर्षं साक्रिस्तान आहे. आमच्याकडे चार अवशेष आहेत. त्यांच्या सेवेत जे शिकले, त्यातलं थोडं चुका करून शिकले, ते सगळं तुम्हाला सांगते.

आज काहीच करू नका. वेदीवर नको, शेजारणींना बोलावणं नको, फोटो तर नकोच. स्वच्छ पांढरं सुती कापड टेबलावर पसरा, हात धुऊन कोरडे करा आणि डबी पालथी करून खिडकीच्या उजेडात धरा. मागच्या बाजूला लाल रेशमी दोरा आडवा-उभा ओढलेला दिसेल, आणि दोऱ्याच्या गाठीवर लाखेची मोहर. मोहरेत बिशपांचं किंवा एखाद्याला संत घोषित करण्याच्या प्रकरणाचं काम पाहणाऱ्या पोस्ट्युलेटरांचं चिन्ह उमटलेलं असतं. दोरा कुठे तुटलाय का, लाखेला आरपार तडा गेलाय का, एवढंच बघा. नख लावून बघू नका. पन्नास-साठ वर्षांची लाख बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. दोरा सलग आणि मोहर शाबूत असेल, तर डबी बंद केल्यापासून कोणी उघडलेली नाही एवढं नक्की.

मग कागद. लॅटिन येत नसलं तरी घाबरू नका, चार गोष्टी शोधायच्या: संताचं नाव, काय आहे, मोहर कोणाची, तारीख आणि सही. ‘एक्स ओसिबुस’ म्हणजे हाडांपैकी, ‘एक्स कापिलिस’ म्हणजे केसांपैकी, ‘एक्स इंदुमेंतिस’ म्हणजे अंगावरच्या वस्त्रांपैकी. कागदावरचा शिक्का आणि डबीमागची मोहर एकाच हातची आहे का, ते भिंगातून ताडून बघा. जुळत असेल तर कागदाच्या दोन प्रती काढा आणि तुमच्या सुपीरियरांच्या (घराच्या प्रमुख सिस्टरांच्या) पत्रासह एक प्रत महाधर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवा. अधिकृत प्रमाणपत्राशिवाय अवशेष लोकांच्या वंदनासाठी मांडायचे नाहीत, असं रोमच्या संतप्रकरण विभागाने ८ डिसेंबर २०१७ च्या सूचनापत्रात स्पष्ट सांगितलं आहे. तुमचा अवशेष लहान आहे. संपूर्ण देह किंवा त्याचा मोठा भाग, त्यांना लागणारे कडक नियम याला लागत नाहीत. पण बंद डबीत, आदराने, अंधश्रद्धा आणि बाजार यांपासून दूर ठेवायचं, हे लहानातल्या लहान कणालाही लागू आहे. विकणं तर सक्त मना आहे, ख्रिस्तसभेच्या कायद्याचं कलम ११९० त्याबद्दल एका वाक्यात बोलतं आणि त्या वाक्याला पळवाट नाही.

कागदाबद्दल मी एवढं का बोलते, तेही सांगते. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आठवणीत असेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. येऊरचं पाणी डोंगरावरून थेट आमच्या आवारात उतरलं आणि साक्रिस्तीच्या खालच्या कप्प्यात शिरलं. अवशेष वरच्या कोनाड्यात होते, ते वाचले. कागद मी खालच्या कप्प्यात ठेवले होते, चारही एकाच पाकिटात. दोन सुकवता आले. दोघांचा अक्षरशः लगदा झाला. त्या दोन डब्या आम्ही कार्यालयाकडे तपासणीला नेल्या. एकीची मोहर शाबूत होती, जुन्या नोंदीशी जुळली, तिला नवं पत्र मिळालं. दुसरीच्या लाखेला आधीपासून तडा होता. तिच्याबद्दल ‘सार्वजनिक वंदनासाठी मांडू नये’ असं उत्तर आलं. ती डबी आजही आमच्याकडे रेशमात गुंडाळून ठेवलेली आहे. आम्ही ती टाकली नाही, कोणाला दिली नाही, पण तिच्यापुढे धूपही घालत नाही. दर वर्षी सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी ती सोडवून बघते, तेव्हा माझ्या निष्काळजीपणाची आठवण होते. म्हणून सांगते, मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, अवशेषापासून वेगळ्या खोलीत आणि कमरेच्या वर.

आता त्या तिसऱ्या सिस्टरांबद्दल, ज्यांना हे पटत नाही. त्यांना गप्प बसवू नका. त्यांच्या मनात जी भीती आहे ती ख्रिस्तसभेच्या मनातही पहिल्यापासून आहे, म्हणून तर एवढे नियम झाले. आराधना फक्त देवाची. संतांचा आपण सन्मान करतो, आणि अवशेषाचा सन्मान त्या संतासाठी आणि संताला ज्याने घडवलं त्या प्रभूसाठी. संत जेरोम यांनी चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधीवर हेच उत्तर दिलं होतं, तेव्हाही कोणीतरी राखेला नमस्कार कशाला म्हणून विचारलं होतं. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी स्मर्ना गावच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या बिशप पॉलिकार्पची जळालेली हाडं वेचून घेतली आणि ती आपल्याला रत्नांहून मोलाची आहेत असं लिहून ठेवलं. दर वर्षी त्याच्या मृत्यूच्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं, आणि त्या दिवसाला त्यांनी जन्मदिवस म्हटलं.

पण या सगळ्यापेक्षा मला एक शब्द जास्त समजावतो, आणि तो आपल्या मराठीतच आहे. हुतात्म्याला आपण रक्तसाक्षी म्हणतो. ग्रीक भाषेत मूळ शब्दाचा अर्थ साक्षीदार एवढाच होता, मराठीत त्याला रक्त जोडून अर्थ पुरा झाला. अवशेष म्हणजे साक्षीदार. जादूची वस्तू नाही, शोभेची नाही, बरकतीची नाही. कोर्टात साक्षीदार उभा राहतो तसा तो आपल्या घरात उभा असतो. ‘मी हे जगून पाहिलं, हे खरं आहे,’ एवढंच तो सांगतो. अवशेष कुठे ठेवायचा, कधी काढायचा, कोणाला दाखवायचा, हे प्रश्न या एका शब्दावरून मला सुटत गेले.

आणि आपण तर ठाण्याच्या मातीतल्या. एप्रिल १३२१ मध्ये या ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार बंधू मारले गेले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियुस. ते ज्या नेस्तोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते तिथे नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांची नावं सांगितली. एका मार खाल्लेल्या बाईसाठी साक्ष द्यायला तिघं गेले, प्रश्नोत्तरं वाढत धर्मावर आली आणि ९ एप्रिलला त्यांचा जीव गेला. चौथे, पीटर, सामान सांभाळायला घरी थांबले होते. त्यांना दोन दिवसांनी मारलं. साक्रिस्तान म्हणून मला या चौघांत पीटर जवळचे वाटतात. सामानाजवळ थांबलेला माणूसही साक्षीदारच ठरला.

त्यांच्याबरोबर आलेले डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन त्या वेळी ठाण्याबाहेर होते. परत आल्यावर एका तरुण जेनोवावासीच्या मदतीने त्यांनी ते देह सोपाऱ्याला नेऊन तिथल्या चर्चमध्ये पुरले. पुढे काही वर्षांत ओदोरिक नावाचे फ्रान्सिस्कन प्रवासी आले आणि त्यांनी ती हाडं काढून, स्वच्छ वस्त्रांत गुंडाळून, समुद्रमार्गे चीनमधल्या झैतून बंदरात आपल्या बंधूंच्या मठात पोचवली. झैतून म्हणजे आजचं च्वानचौ. वाटेत एका घरात ते हाडं उशाशी घेऊन झोपले असताना घराला आग लावली गेली, सोबतचे पळाले, ओदोरिक हाडं कवटाळून कोपऱ्यात बसले, आणि तेवढा कोपरा जळायचा राहिला, असं ते स्वतः सांगतात. थॉमस यांचं शिर नंतर इटलीत त्यांच्या गावी गेलं. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्या पूज्यतेला मान्यता दिली. ठाण्याच्या मातीत मात्र ठाण्याच्या रक्तसाक्षींची हाडं राहिली नाहीत. मासुंदा तलावाच्या काठच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये मी मुलींना घेऊन गेले की हे सांगते. ज्या गावाने आपली हाडं दुसऱ्यांना दिली, त्या गावाच्या हाती परदेशातल्या संताचा तिळाएवढा कण आला तर तो कसा धरायचा, हे मुलींना मग वेगळं सांगावं लागत नाही.

९ एप्रिल ही तारीख लक्षात ठेवा. संत तेरेजा फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली तो दिवसही ९ एप्रिलच, साल १८८८, वय पंधरा. तिच्याबद्दलची एक गोष्ट तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. तिच्या मठाच्या संस्थापक मदर जेनेव्हिएव्ह ५ डिसेंबर १८९१ ला वारल्या. मठातल्या प्रत्येकीला त्यांची आठवण म्हणून काही ना काही हवं होतं. तेरेजाने शेवटच्या क्षणी त्यांच्या पापणीवर एक अश्रू चमकताना पाहिला होता. तो तसाच राहिला होता. संध्याकाळी कोणी बघत नसताना तिने तलम कापडाच्या तुकड्याने तो टिपला आणि ज्या छोट्या पिशवीत तिच्या व्रतांचा कागद होता त्याच पिशवीत ठेवला. ही तेव्हा अठरा वर्षांची होती. अवशेष आणि व्रत तिने एकत्र ठेवले. ज्या संताच्या हाडाचा कण तुमच्या हाती आहे, तिने स्वतः अवशेष कसा जपला ते बघा: गाजावाजा नाही, देखावा नाही, आणि ठेवला तो आपल्या शब्दाशेजारी. तुमच्या वारलेल्या सिस्टरांनी डबी साडीखाली का ठेवली असेल, याचं उत्तरही मला यातच दिसतं. त्यांना दोष देऊ नका. फक्त आता ती एकीची राहिली नाही, घराची झाली.

म्हणून जागा. वेदीवर नाही. वेदीचा वरचा भाग प्रभूच्या देहरक्ताचा, तिथे संतांचाही अवशेष मांडत नाहीत. २००१ मध्ये लोकभक्तीविषयी जे मार्गदर्शन रोममधून आलं त्यात हे सरळ लिहिलं आहे. वेदीखाली अवशेष पुरायची जुनी प्रथा आहे ती वेगळी. ती नवी वेदी समर्पित करतानाची, आणि त्यासाठी हाड मानवी देहाचा भाग म्हणून ओळखू येईल एवढं हवं. तुमचा कण त्यासाठी नाही. टॅबर्नॅकलच्या, म्हणजे साक्रामेंत (मिस्सात पवित्र झालेली भाकर) ठेवायच्या पेटीच्या, शेजारीही नको. चॅपलच्या एका बाजूच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर कोनाडा करा. पश्चिमेची भिंत असेल तर टाळा, आपल्याकडे पावसाचा मारा तिकडून येतो आणि भिंत आतून ओल धरते. कोनाड्याला लाकडी दार, कुलूप, दोन किल्ल्या: एक साक्रिस्तानकडे, एक सुपीरियरकडे. दार बंद असताना दारावर तिचं चित्र किंवा फक्त नाव. हे बंद दार मला फार महत्त्वाचं वाटतं. डोळ्यांसमोर चोवीस तास असलेली वस्तू महिनाभरात भिंतीची होऊन जाते. मी हे आमच्याकडे पाहिलं आहे. पूर्वी दोन रेलिक्वरी (अवशेषाची डबी ज्यात बसवतात ती पात्रं) बाजूच्या टेबलावर कायम असायच्या, आणि एकदा मी एका नवदीक्षितेला विचारलं, यांत कोण आहेत? तिला आठवेना. रोज समोरून जात होती. त्यानंतर आम्ही दार लावलं.

दार उघडायचे दिवस ठरवा आणि ते लिहून ठेवा. आमच्याकडे संताच्या सणाच्या आदल्या दिवशी सायंप्रार्थनेआधी उघडतं आणि सणाच्या रात्री शेवटच्या प्रार्थनेनंतर बंद होतं. तुमच्याकडे म्हणजे ३० सप्टेंबरची संध्याकाळ ते १ ऑक्टोबरची रात्र. ३० सप्टेंबर तिच्या मृत्यूचा दिवस, १८९७ सालचा, वय चोवीस. त्याशिवाय महिन्यातून एक संध्याकाळ ठेवायची असेल तर ठेवा. रोज मात्र नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

विधी साधाच. कोनाड्यासमोर लहान टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, फुलं असतील ती. कोणी एक जण, गळ्यात घालायचा रुंद पट्टा असेल तर त्याच्या टोकांत हात गुंडाळून, नसेल तर स्वच्छ कापडात धरून, रेलिक्वरी आणते. बाकीच्या उभ्या. स्तोत्र म्हणा, नवं शोधायला जाऊ नका, सगळ्यांना पाठ असलेलं घ्या. धर्मगुरू असतील आणि धूप असेल तर लक्षात ठेवा: साक्रामेंताला धूपदानाचे तीन झोके, संतांच्या अवशेषांना दोन. आमच्याकडे आलेल्या एका तरुण धर्मगुरूंना एका वृद्ध सिस्टरांनी हे हळूच कानात सांगितलं होतं, आणि त्यांनी तिसरा झोका तिथेच थांबवला. साक्रामेंत उघडं मांडलेलं असेल त्याच वेळी अवशेषाचं वंदन करू नका, लक्ष दोन ठिकाणी नको. मग तिच्या लिखाणातला एखादा छोटा उतारा वाचा, आणि नंतर शांतता. आम्ही दहा मिनिटं धरतो. या दहा मिनिटांसाठी बाकी सगळं आहे.

शेवटी एकेक जण पुढे येते. गुडघा टेकायचा तो साक्रामेंतापुढे. इथे मान आणि कंबर लववून नमस्कार. ज्यांना चुंबन घ्यायचं त्या काचेचं घेतात, ज्यांना नाही त्या हात लावतात किंवा नुसतं वाकतात. तुमच्या तिसऱ्या सिस्टर जागेवरच बसल्या तर बसू द्या, कोणी मागे वळून बघू नये. अवशेषांचा सन्मान योग्य आहे ही शिकवण १५६३ मध्ये ख्रिस्तसभेच्या ट्रेंटच्या परिषदेने दिली. पण एखाद्या विशिष्ट अवशेषापुढे विशिष्ट रीतीने वाकलंच पाहिजे, अशी सक्ती कोणावर नाही. आमच्या एका सिस्टरांना बारा वर्षं लागली. मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

प्रत्येकीनंतर काच पुसायची. यात एक चूक हमखास होते. कोविडनंतर सगळीकडे सॅनिटायझरची बाटली आली आणि काच त्याने पुसायची सवय लागली. स्पिरिटने लाख विरघळते. काचेच्या कडेने एक थेंब मागे उतरला तरी मोहर चिकट होते, आणि चिकट झालेली मोहर मग मोहर राहत नाही. कोरडं, मऊ सुती कापड घ्या, पुढचीच बाजू पुसा. हे कापड वेगळं ठेवा, मिस्साच्या पेल्याचं कापड यासाठी वापरू नका. पितळ काळं पडलं तर पितांबरी, चिंच, लिंबू यातलं काहीही डबीला लावायचं नाही. बाहेरची रेलिक्वरी घासायची असेल तर डबी आधी बाहेर काढा. डबी स्वतः काळवंडू दे. तिला चकाकी शोभा म्हणून हवी असते, गरज म्हणून नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. नेरूळला तर खाडीचा खारा वारा वर्षभर. आतला कण रेशमावर खळीने किंवा डिंकाने चिकटवलेला असतो, आणि कसर आणि झुरळ याच खळीवर येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोनाडा रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसा, दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवा. आत कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या खड्यांच्या घेतल्या तर ओल धरल्यावर त्या गुलाबी होतात आणि बदलायची वेळ कळते. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास रेशमातून वर्षानुवर्षं जात नाही. काचेच्या आतून बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर उघडून साफ करायचा मोह आवरा. डबी उघडायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. कार्यालयाला कळवा.

आजाऱ्याकडे नेता येतो का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण महिनाभरात कोणी तरी विचारेल. नेता येतो. आमचा नियम असा: दोघींनी न्यायचा, एक प्रार्थना म्हणायची, आणि त्याच दिवशी परत आणायचा, ‘आज रात्रभर राहू द्या’ म्हटलं तरी. एकदाच मी तो मोडला. आमच्या एक सिस्टर शेवटच्या आठवड्यात होत्या, बोलणं बंद झालं होतं. डबी त्यांच्या तळहातावर ठेवली तेव्हा त्यांनी मूठ मिटली आणि सोडेनात. त्यांची बोटं उघडायला माझा हात धजावला नाही. मी रात्रभर खुर्चीत बसले. पहाटे साडेचारला, प्रार्थनेची घंटा झाली तशी त्यांनी स्वतः मूठ उघडली, मी डबी घेतली, पुसली, कोनाड्यात ठेवली. त्या दुपारी गेल्या. बरं करायला म्हणून अवशेष नेऊ नका. सोबतीला म्हणून न्या, आणि घरच्यांना तसंच सांगा.

शेजारणींना अवश्य येऊ द्या. फक्त दिवस तुमचा हवा: १ ऑक्टोबरची दुपार, ठरलेले दोन तास, आणि दाराशी तुमच्यातली एक जण. त्या फुलं आणतील, गजरा आणतील, कोणी नारळही आणेल. नाकारू नका. फुलं टेबलाखालच्या पायरीवर ठेवा, नारळ स्वयंपाकघरात न्या आणि संध्याकाळी त्याच्या वड्या करून त्यांनाच पाठवा. पैसे मात्र डबीजवळ ठेवू देऊ नका, तिथे पेटीही नको. कोणी नवस बोलायला लागलं तर हळुवार सांगा की इथे देवाणघेवाण नसते, जे मागायचं ते देवाकडे मागा, ती तुमच्याबरोबर मागेल. ‘हे हाड आहे?’ म्हणून कोणी दचकलं तर घाबरून लांबलचक व्याख्यान देऊ नका. आपल्या लोकांना हे परकं नाही. पालखीत पादुका जातात तेव्हा लाकडाला किंवा चांदीला कोणी नमस्कार करत नाही, हे वारकरी घरातल्या बाईला कळतं. माझ्या ओळखीच्या एका बौद्ध शिक्षिकेला मी सोपाऱ्याचं उदाहरण दिलं होतं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला तेव्हा दगडी पेटीत तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची, आणि सगळ्यात आत सोन्याची मिळाली. सोन्याच्या डबीत होती मातीच्या भांड्याची तेरा खापरं. ती भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राची मानली गेली. सोन्यात गुंडाळून खापर जपणारी माणसं आणि आपले चार बंधू पुरणारे जॉर्डन, दोघंही एकाच सोपाऱ्याचे. शिक्षिका काही बोलल्या नाहीत, डबीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

एक काम याच आठवड्यात करा: घराच्या रजिस्टरमध्ये पानभर नोंद. डबी कधी, कोणाच्या कपाटात मिळाली, चिठ्ठीवर काय आहे, मोहर कशी आहे, कागद कुठे ठेवला. डबीचे पुढून-मागून फोटो काढायचे ते याच नोंदीसाठी. आणि खाली एक ओळ: हे घर उद्या बंद झालं तर अवशेष मातृगृहाकडे किंवा बिशपांकडे जाईल, कोणा एका व्यक्तीकडे नाही. सहा जणींची घरं बंद होतात, सिस्टर, ते आपण पाहतो आहोत. बाजारात आणि इंटरनेटवर विकायला आलेल्या कितीतरी डब्या अशाच बंद झालेल्या घरांच्या कपाटांतून निघालेल्या असतात.

आणि शेवटची गोष्ट. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाच्या ५८व्या प्रकरणात नवदीक्षिताच्या शपथेबद्दल लिहिलं आहे. तो आपली शपथ स्वतः लिहितो, आणि ती लिहायची असते त्या ठिकाणी ज्यांचे अवशेष आहेत त्या संतांच्या नावाने आणि हजर असलेल्या मठाधिपतींच्या नावाने. मग तो कागद स्वतःच्या हाताने वेदीवर ठेवतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी मठातल्या अवशेषांचं एक काम हेच होतं, शब्द देणाऱ्याचा साक्षीदार होणं. तुमच्या शपथेचे शब्द तुमच्या नियमावलीत ठरलेले असतील, ते बदलू नका. पण तुमच्याकडे सगळ्या जणी वर्षातून एकदा व्रतांची पुनरुक्ती करत असाल, तर त्या दिवशी कोनाड्याचं दार उघडा. वेदीच्या एका बाजूला लहान टेबल ठेवा, त्यावर रेलिक्वरी, आणि तिच्याशेजारी तुमच्या सहा जणींचे व्रतांचे मूळ कागद एका पाकिटात. वारलेल्या सिस्टरांचाही कागद कुठेतरी फाइलमध्ये असेल. तो शोधा आणि त्याच पाकिटात ठेवा.